मेटिओरच्या चित्रात पुन्हा पुन्हा काळे पट्टे येत असतील तर

मेटिओर या रशियन हवामान उपग्रहाचा पास सुरू आहे, म्हणजे तो आपल्या आकाशातून जातोय आणि आपण घरच्या अँटेनावर त्याचं चित्र उतरवतोय. वॉटरफॉलवर, म्हणजे लॅपटॉपवर सरकणाऱ्या रंगीत आलेखावर, सिग्नलचा रुंद पट्टा स्वच्छ दिसतोय, सॅटडम्प या चित्र उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लॉक लागलाय (सिग्नल पकडला गेलाय), चित्र ओळीओळीने उतरतंय. हिमालयाचा बर्फ आला, गंगेचं मैदान आलं आणि नेमका आपला विदर्भ यायच्या वेळेला काळा पट्टा. अर्धा मिनिट बरं जातं, पुन्हा काळा पट्टा. पास संपल्यावर हाती येतं ते फाटलेल्या नोटेचे तुकडे जोडावेत तसं चित्र.

हा त्रास मला वर्षभर पुरला. तो जायचा आणि परत यायचा, हे जास्त वाईट. अँटेना नवी केली, पंधरा दिवस बरे गेले, परत पट्टे. केबल बदलली, महिनाभर बरं, परत पट्टे. कारण एक नव्हतंच. तीन-चार कारणं होती आणि ती पाळीपाळीने डोकं वर काढत होती. शिवाय मी सगळा वेळ सिग्नल वाढवायच्या मागे लागले होते. सिग्नलचा नाद सोडून घरातला नॉइज, म्हणजे विजेच्या वस्तूंचा रेडिओ-गोंगाट, मोजायला लागले, तेव्हा कुठे चित्रं सुधारली. तुम्ही नवा एलएनए (अँटेनाचा सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर) किंवा महागडी अँटेना मागवायच्या बेतात असाल, तर आधी हे वाचा. कदाचित पैसे वाचतील.

सुरुवातीलाच एक खुलासा. जुना व्हिडिओ बघून १३७.१ किंवा १३७.६२ मेगाहर्ट्झवर नोआ या अमेरिकन हवामान उपग्रहांची टिक-टिक ऐकायला बसला असाल आणि काहीच येत नसेल, तर दोष तुमच्या अँटेनाचा नाही. नोआ-१८ हा ६ जून २०२५ रोजी, नोआ-१९ हा १३ ऑगस्टला आणि नोआ-१५ हा १९ ऑगस्टला सेवेतून काढला गेला. नोआ-१५ मे १९९८ मध्ये सोडलेला, सत्तावीस वर्षं चालला. त्याच्या सिग्नलवर माझ्यासारख्या कितीतरी लोकांनी हा छंद सुरू केला, म्हणून तो गेला तेव्हा घरातलं जुनं माणूस गेल्यासारखं वाटलं. आता १३७ च्या पट्ट्यात आपल्या कामाचे उरलेत ते रशियाचे मेटिओर-एम एन२-३ आणि एन२-४. पहिला जून २०२३ मध्ये सोडला, दुसरा फेब्रुवारी २०२४ मध्ये. दोघे साधारण ८२० किलोमीटर उंचीवरून जातात.

नोआ आणि मेटिओर यांच्यातला फरक कळला की काळे पट्टे का येतात तेही कळतं. नोआचा सिग्नल ॲनालॉग होता. नॉइज वाढला की चित्रावर बारीक दाणे उमटायचे, पण खालचा किनारा, ढग काहीतरी दिसत राहायचं. मेटिओरचा सिग्नल, एलआरपीटी, डिजिटल आहे. चुका दुरुस्त करायची सोय त्यात आहे, त्यामुळे एका मर्यादेपर्यंत चित्र एकदम निर्मळ येतं, आणि मर्यादा ओलांडली की तेवढा तुकडा पूर्ण काळा. मधली अवस्था जवळपास नाहीच. माझ्याकडे एसएनआर, म्हणजे सिग्नल नॉइजपेक्षा किती डेसिबल वर आहे तो आकडा, ४ च्या खाली गेला की लॉक सुटतो, ५ च्या वर असला की टिकतो. म्हणजे एका डेसिबलच्या फरकावर सगळा खेळ, आणि तो एक डेसिबल तुमच्या जिन्यातला दिवासुद्धा खाऊ शकतो.

पट्टा कुठे येतो ते आधी लिहून काढा

माझं घर नागपुरात, त्रिमूर्तीनगरच्या बाजूला, दोन मजली. गच्चीवर व्ही-डायपोल, ॲल्युमिनियमच्या दोन नळ्या, प्रत्येकी ५३.४ सेंटिमीटर, मधला कोन १२० अंश, आडवी ठेवलेली, उत्तर-दक्षिण रोख धरून. तिथून पंधरा मीटर आरजी-६, म्हणजे डिशवाले वापरतात ती केबल, खाली माझ्या खोलीत. आरटीएल-एसडीआर व्ही३ डोंगल, म्हणजे यूएसबीला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर, आणि जुना लॅपटॉप. आरजी-६ ही ७५ ओहमची आणि डोंगल ५० चा, म्हणून काही जण नाक मुरडतात. पण त्या फरकाने होणारा तोटा ०.२ डेसिबलच्या आतला आहे. उलट १३७ मेगाहर्ट्झला पंधरा मीटर आरजी-६ मध्ये एखादा डेसिबल जातो, तेवढ्याच आरजी-५८ मध्ये अडीचच्या आसपास. स्वस्त आणि सहज मिळणारी केबल इथे सरस आहे.

चार-पाच पासची चित्रं शेजारी शेजारी ठेवा. पट्टा आला त्या क्षणी उपग्रह कुठल्या दिशेला आणि किती अंशांवर होता ते वहीत लिहा, सॅटडम्पच्या ट्रॅकिंगमध्ये दोन्ही आकडे दिसतात. सोबत घड्याळातली वेळ. हे काम कंटाळवाणं आहे, पण आठवडाभराने वही स्वतः बोलायला लागते.

पट्टा दर वेळी आकाशात त्याच जागी येत असेल, मग सकाळ असो वा रात्र, तर अडचण जागेची आहे: स्लॅब, टाकी, कूलर, शेजारची इमारत. पट्टे आकाशात कुठेही येतात पण दिवसाच्या ठराविक वेळेलाच येतात, तर विजेवर चालणारं काहीतरी गोंगाट करतंय. पाऊस पडला की वाईट, दोन दिवस ऊन पडलं की बरं, तर पाणी शिरलंय. आणि एसएनआर चांगला ९-१० असूनही चित्र तुकड्यातुकड्यांनी येत असेल, तर रेडिओत शोधू नका. डोंगलने पाठवलेले सॅम्पल, म्हणजे सिग्नलचे आकडे, लॅपटॉपकडून गळताहेत.

माझ्या वहीत दिसलं ते असं: रात्रीचे पास वाईट, सकाळचे त्यामानाने चांगले. उपग्रह सूर्याशी जुळलेल्या कक्षेत फिरतात, त्यामुळे प्रत्येकाचे पास साधारण बारा तासांच्या अंतराने, दिवसाला दोन गटांत येतात. उपग्रह तोच, अँटेना तीच, डोंगल तेच. मग रात्री असं काय होतं?

लाईट गेली तेव्हा

उत्तर मे महिन्यातल्या एका रात्री मिळालं, तेही माझ्या हुशारीने नाही. दिवसभर पारा पंचेचाळीसच्या वर, आणि रात्री पास सुरू होऊन चार मिनिटं झाली असतील, तेवढ्यात वारा-वावधान सुटलं. धूळ, खिडक्यांची आदळआपट, आणि लाईट गेली. कूलर थांबला. खोलीत एकदम शांतता. लॅपटॉप बॅटरीवर होता, म्हणून चालू राहिला.

मी केबल काढायला उठले, कारण वीज चमकत असेल तर गच्चीवरच्या अँटेनाची केबल डोंगलला लावून ठेवायची नाही हा आमच्या घरचा नियम आहे, तुमच्याही घरचा असावा. अजून वीज दिसत नव्हती, नुसतं वारं. उठता उठता पडद्याकडे नजर गेली आणि मी तिथेच थांबले. वॉटरफॉलवरची पिवळट पार्श्वभूमी गडद निळी झाली होती. वरून खाली एका आडव्या रेषेवर रंग बदललेला, कात्रीने कापल्यासारखा. त्या रेषेच्या आधी एसएनआर ४ च्या आसपास घुटमळत होता, रेषेनंतर सरळ ९. सिग्नल होता तेवढाच होता. खालचा नॉइज उतरला होता. पुढचे सगळे मिनिट चित्र अखंड उतरलं, इन्फ्रारेडमध्ये, श्रीलंकेच्या खालपर्यंत.

आमच्याकडे इन्व्हर्टर आहे. लाईट गेली तरी पंखे, काही दिवे आणि राऊटर चालू राहतात. म्हणजे गुन्हेगार इन्व्हर्टरवर नसलेल्या लाइनवर होता. त्या लाइनवर कूलर, फ्रिज, गीझर, पाण्याची मोटर आणि जिन्यातले दिवे. माझा पहिला संशय अर्थातच कूलरवर.

आता कृती सांगते, तुम्ही आजच करू शकाल अशी. लॅपटॉप बॅटरीवर घ्या, चार्जर नुसता बंद करू नका, भिंतीतून काढा. डोंगलला अँटेना लावा, १३७.५ च्या आसपास रिकामी जागा धरा, गेन, म्हणजे डोंगल सिग्नल किती वाढवतं ते, हाताने ठरवून तसाच ठेवा. ऑटो गेन चालू असेल तर काहीच कळणार नाही, कारण तो आपणच नॉइज झाकत-उघडत राहतो. नॉइजची पातळी किती डेसिबल आहे ते बघा. मग घरातल्या माणसाला बोर्डाजवळ उभं करा आणि एक-एक एमसीबी खाली पाडायला सांगा. प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबा. पातळी धपकन खाली आली की ती लाइन सापडली. त्या एमसीबीवरची उपकरणं मग एक-एक करून बंद करा. घरच्यांना आधी सांगून ठेवा, कुणाचा डाउनलोड चालू असेल, कुणी लिफ्टमध्ये असेल.

आमच्याकडे कूलर निर्दोष निघाला. त्यातली साधी मोटर आणि पाण्याचा पंप असला गोंगाट करत नाहीत. पण त्याच लाइनवर जिन्याचा दिवा होता, गच्चीच्या दरवाज्याच्या अगदी वर, अँटेनापासून जेमतेम तीन मीटरवर. नऊ वॅटचा, बिनानावाचा एलईडी बल्ब. संध्याकाळी साडेसहाला लागायचा, सकाळी आई उठली की बंद व्हायचा. माझ्या वहीतली वेळ आणि त्या बल्बची वेळ तंतोतंत एक.

बल्ब उघडून पाहिला. पांढरा घुमट फिरवून काढला की आत दिव्यांची गोल पाटी आणि तिच्याखाली बोटाच्या पेरापेक्षा लहान सर्किट. वीज आत घेणाऱ्या बाजूला जिथे गाळणीची गुंडाळी आणि कपॅसिटर असायला हवेत तिथे पाटीवर जागा छापलेली होती, भाग बसवलेलाच नव्हता. भागाऐवजी तारेचा एक तुकडा डाग देऊन जोडला होता. बल्बमधलं सर्किट दर सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करतं, आणि तो गोंगाट अडवणारं काहीच नसल्याने जिन्याची वायरच अँटेना होऊन तो बाहेर फेकत होती.

नवा बल्ब घेताना सीताबर्डीच्या बाजारात खिशातला ट्रान्झिस्टर घेऊन गेले. मीडियम वेव्हवर स्टेशन नसलेली जागा धरायची, आपलं नागपूर केंद्र ५८५ किलोहर्ट्झवर आहे त्यापासून लांब, आणि दुकानदाराला बल्ब लावून दाखवायला सांगायचा. ट्रान्झिस्टर बल्बच्या अर्ध्या फुटावर नेला की वाईट बल्ब कर्कश गुरगुरतो. चांगला बल्ब असेल तर रेडिओ अगदी जवळ नेल्यावरच थोडी खरखर येते. ही चाचणी १३७ मेगाहर्ट्झची नाही हे खरं, पण जो खाली इतका ओरडतो तो वरही ओरडतो, असा माझा आतापर्यंतचा अनुभव आहे. तिसऱ्या बल्बवर समाधान झालं. शिवाय जिन्याच्या वायरवर दोन क्लिपचे फेराइट, म्हणजे वायरभोवती बसणारी, गोंगाट अडवणारी कडी, बसवले. फेराइट घेताना ४३ नंबरचं मिश्रण मागा, ते या फ्रिक्वेन्सीला चांगलं काम करतं.

पुढचे पाच महिने रात्रीची चित्रं अखंड आली. आणि दिवाळीच्या आठवड्यात पुन्हा पट्टे.

या वेळी गोंधळले नाही. घरातले सगळे एमसीबी पाडले, नॉइज तसाच. म्हणजे दोष घराबाहेरचा. डोंगलला अँटेनाऐवजी हातभर वायर लावून लॅपटॉप घेऊन गच्चीभर फिरले. पूर्वेच्या कठड्यापाशी पातळी चढत गेली. खाली शेजारच्या काकूंच्या बाल्कनीत रंग बदलणारी लाइटची माळ.

"काय करून राहिली गं रात्रीची वर?" काकूंनीच विचारलं.

"काकू, उपग्रहाचं चित्र उतरवून राहिली. दहा मिनिटं माळ बंद करता का? ती चालू असली की चित्र तुटते माझं."

"आमच्या माळेनं?" म्हणत त्यांनी बटण बंद केलं. पास संपल्यावर मी खाली जाऊन त्यांना चित्र दाखवलं: बंगालच्या उपसागरावरचे ढग, थंड माथे पांढरेशुभ्र. त्या बराच वेळ बघत राहिल्या. त्यांचा मुलगा विशाखापट्टणमला असतो, त्याच्या डोक्यावर ढग आहे का ते त्यांना बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना ट्रान्झिस्टरवर पारखलेली माळ आणून दिली. शेजाऱ्याकडे तक्रार घेऊन जाण्याआधी चित्र घेऊन जा, एवढंच यातून सुचवते.

गोंगाट करणाऱ्या आणखी वस्तू, ज्या मला स्वतःच्या किंवा ओळखीच्या घरात सापडल्या: लॅपटॉपचाच चार्जर, बीएलडीसी पंखा, सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर, सीसीटीव्हीचा पॉवर सप्लाय, टाकी भरली की मोटर बंद करणारा ऑटो-कट. चार्जरचं विशेष लक्षात ठेवा. बॅटरी संपत आली की आपण नकळत तो लावतो आणि पासच्या शेवटच्या पाच मिनिटांत पट्टे येतात.

एलएनए लावून बिघडतं ते कसं

वर्षाच्या सुरुवातीला मी केलेली मोठी चूक म्हणजे एलएनए. सिग्नल कमी वाटतोय, मग वाढवू, असा सरळ हिशेब. साधा, कुठलाही फिल्टर नसलेला एलएनए मागवला, अँटेनापाशी बसवला, आणि होतं तेही चित्र गेलं.

एलएनए फक्त मेटिओरला मोठं करत नाही, जे येईल त्या सगळ्याला करतो. शहरात सगळ्यात जोरात काय येतं? एफएम. ९१ पासून पुढे आपल्याकडे स्टेशनांची रांग आहे आणि त्यांचे टॉवर शहराच्या आतच. मेटिओर ८२० किलोमीटरवरून काही वॅटमध्ये बोलतोय, एफएम काही किलोमीटरवरून किलोवॅटमध्ये. एलएनएने दोघांना सारखंच फुगवलं की डोंगलचा पुढचा भाग भरून जातो, आणि एफएमची भुतं नको तिथे उमटतात. ओळखायची खूण सोपी आहे: वॉटरफॉलवर गाण्याच्या तालावर रुंद-अरुंद होणारी लाट १३७ च्या आसपास दिसली, तर ती एफएमची सावली आहे.

पडताळा घ्यायचा तर गेन एक-एक पायरी वाढवत जा. सिग्नल आणि नॉइज दोन्ही सारखे वर चढले तर गेन पुरेसा झाला, तिथे थांबा. नॉइज जास्त आणि सिग्नल कमी चढायला लागला तर ओव्हरलोड झालाय, दोन-तीन पायऱ्या खाली या. एलएनए पूर्ण काढून एक पास घ्या. एसएनआर वाढला तर तुमच्याकडेही माझीच गोष्ट.

माझ्याकडे आता एलएनएच्या आधी एफएम अडवणारा फिल्टर आहे. क्रम महत्त्वाचा: अँटेना, फिल्टर, मग एलएनए. उलटा लावला तर एलएनए आधीच भरून गेलेला असतो, पुढच्या फिल्टरचा उपयोग नाही. खरं सांगायचं तर पंधरा मीटर आरजी-६ असेल तर एलएनए नसला तरी चालतं. या फ्रिक्वेन्सीला शहरातला नॉइज डोंगलच्या स्वतःच्या नॉइजपेक्षा जास्त असतो, त्यामुळे वाढवून हाती फारसं लागत नाही. एलएनए ठेवणारच असाल तर बायस-टी, म्हणजे केबलमधूनच एलएनएला वीज देण्याची सोय, चालू आहे ना ते प्रत्येक वेळी बघा. सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडलं की ती खूण गेलेली असते, आणि वीज न मिळालेला एलएनए सिग्नल जवळजवळ पूर्ण अडवतो.

विमानतळ जवळ असल्याने आमच्याकडे आणखी एक प्रकार आहे. विमानांचा बोलण्याचा पट्टा थेट १३७ पर्यंत येतो. डोक्यावरून जाणारा वैमानिक बोलला की दोन-तीन सेकंदांची बारीक काळी रेघ येते. त्यावर माझ्याकडे उपाय नाही आणि तेवढ्याने चित्राचं फार नुकसानही होत नाही.

उपग्रह डोक्यावर आला की सिग्नल पडतो

रात्रीचे पट्टे गेल्यावर वहीत दुसरा नमुना उघडा पडला. पास जितका उंच तितकं चित्र चांगलं यायला हवं. माझ्याकडे ७० अंशांच्या वर उपग्रह गेला की एसएनआर पाच-सहा डेसिबल खाली यायचा आणि ५० अंशांपर्यंत उतरला की परत चढायचा. उपग्रह सगळ्यात जवळ असताना सिग्नल सगळ्यात कमी! सकाळीही तसंच, रात्रीही तसंच.

कारण माझा पाइप होता १.१ मीटर उंच. १३७.९ मेगाहर्ट्झची तरंगलांबी २.१७ मीटर, म्हणजे अँटेना स्लॅबपासून नेमकी अर्ध्या तरंगलांबीवर. स्लॅबमध्ये लोखंडाची जाळी असते, ती आरशासारखी वागते. वरून आलेली लहर थेट अँटेनाला भेटते, आणि स्लॅबवरून परतलेली तीच लहर उलटी होऊन, एक पूर्ण तरंगलांबी जास्त चालून पुन्हा भेटते. दोघी एकमेकींना खोडतात. स्लॅब काही परिपूर्ण आरसा नाही म्हणून सिग्नल शून्य होत नाही, पण लॉक सुटायला तेवढं पुरतं.

पाइप कापून अँटेना ५५ सेंटिमीटरवर, म्हणजे पाव तरंगलांबीवर आणली. आता परतलेली लहर थेट लहरीला खोडण्याऐवजी जोर देते, आणि डोक्यावरचं चित्र सगळ्यात चांगलं येतं. याची किंमत म्हणजे क्षितिजाजवळचा भाग कमी झाला, कठडा आडवा येतो. मी ती आनंदाने मोजली. दोन्ही हवं असेल तर क्यूएफएच (पिळदार तारांची) अँटेना बनवा, मेटिओरचा सिग्नल गोल ध्रुवीकरणाचा असतो आणि ती त्यासाठीच आहे. बनवायला मेहनत आहे, पण एका सुटीच्या दिवसात होते.

नागपुरातल्या लोकांनी आणखी एक बघावं. होळी झाली की गच्चीवर डक्ट कूलर बसतात. जस्ताच्या पत्र्याची मीटरभर रुंद पेटी अँटेनापासून दीड मीटरवर आली की त्या बाजूचं आकाश गेलंच, शिवाय अँटेनाची जुळणीही हलते. फेब्रुवारीत चांगला चालणारा सेटअप एप्रिलमध्ये का बिघडला, म्हणून मी डोंगलच्या उष्णतेला दोष देत बसले होते. अँटेना कूलरपासून चार मीटर दूर नेली, नैऋत्येचा पट्टा गेला.

पावसानंतर

पहिल्या पावसाळ्यात जुलैपासून एसएनआर हळूहळू घसरत गेला. ऑगस्टमध्ये केबल काढली. वरच्या टोकाचा एफ-कनेक्टर फिरवला तसे दोन थेंब पाणी तळहातावर पडले. केबलचं काळं आवरण हातभर चिरलं, आतली जाळी काळपट, टोकाजवळ हिरवी पडलेली, आणि पांढरा फोम दाबला की ओल दिसायची. पाणी वरून शिरलं आणि जाळीतून झिरपत खाली उतरलं होतं.

चिरण्याआधी तपासायचं असेल तर केबल दोन्ही टोकांना सोडा आणि मल्टिमीटरने मधली तार व जाळी यांच्यातला रोध मोजा. चांगल्या केबलमध्ये मीटर काहीच दाखवत नाही. माझ्या केबलने दहाएक किलोओहम दाखवले.

आता जोडावर रबराची, ताणून गुंडाळली की स्वतःलाच चिकटणारी टेप लावते, खालून वर गुंडाळत, घरावरच्या कौलांसारखी एकावर एक. साधी काळी इन्सुलेशन टेप आपल्या उन्हात एका उन्हाळ्यात सोलून निघते. घरात शिरण्याआधी केबलला खाली लोंबता वळसा दिलाय, पाणी तिथे निथळतं. आणि भिजल्यावर वाळवून तीच केबल पुन्हा वापरायचा मोह टाळा. वाळल्यासारखी वाटते, पुढच्या पावसात परत तेच.

सॉफ्टवेअरच्या चुका कमी, पण दिवस वाया घालवणाऱ्या. उपग्रहाने फ्रिक्वेन्सी १३७.९ वरून १३७.१ वर किंवा उलट बदलली असेल तर रिकाम्या जागी बसून राहाल. वॉटरफॉलवर दीडशे किलोहर्ट्झच्या आत बसणारा, माथा सपाट असलेला डोंगर दिसायला हवा. बारीक, थांबून थांबून येणाऱ्या रेघा असतील तर त्या याच पट्ट्यातल्या ऑर्बकॉमच्या उपग्रहांच्या आहेत. सिग्नल भक्कम आहे पण लॉकच लागत नाही, तर सॅटडम्पमध्ये ७२के या डेटा-वेगाऐवजी ८०के निवडून बघा, किंवा उलट. टीएलई, म्हणजे उपग्रहाच्या कक्षेचे आकडे, आठवड्यातून एकदा ताजी करा. वेळ आणि ठिकाण बरोबर आहे ना बघा, २१.१५ उत्तर, ७९.०९ पूर्व. पास दर वेळी साडेपाच तास मागेपुढे दिसत असेल तर यूटीसी आणि आपल्या वेळेची गफलत आहे. रात्री दृश्य प्रकाशाचे चॅनल काळे असणारच, तो बिघाड नव्हे.

मे महिन्यात लॅपटॉप गच्चीवर नेऊ नका. तापला की स्वतःला हळू करतो आणि सॅम्पल गळतात. सॅम्पल रेट सेकंदाला १.०२४ दशलक्ष पुरे, २.४ ची गरज नाही. आणि शक्य असेल तर थेट डिकोड करण्यासोबत बेसबँड, म्हणजे कच्चा सिग्नलही साठवा. पंधरा मिनिटांच्या पासला पावणेदोन-दोन जीबी लागतात, पण सेटिंग चुकलं तरी तोच पास पुन्हा डिकोड करता येतो. माझी कितीतरी चित्रं यामुळे वाचली.

सध्या एक नवीन काम समोर आहे. मागच्या घराच्या गच्चीवर सोलर बसतंय. पॅनल चढलीत, इन्व्हर्टर भिंतीवर लागलाय, मीटर बदलायचं बाकी आहे. तो दिवसा गोंगाट करेल की नाही ते चालू झाल्यावरच कळेल, आणि माझी रंगीत चित्रं दिवसाच्याच पासची. म्हणून गेल्या सोमवारपासून सकाळी आठ, दुपारी बारा आणि रात्री नऊ अशी रोज तीन वेळा, गेन आणि फ्रिक्वेन्सी न बदलता, दोन-दोन मिनिटांची रिकामी रेकॉर्डिंग करून ठेवतेय. आजची दुपारची पातळी कालच्याइतकीच आहे.